नव्या जागेची ओढ

माझा भाऊ गेला, त्या वर्षी मी उंदरांवर काम करत होते. भंडाऱ्याच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते आणि तिथेच माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. काही उंदरांना नव्या जागेची, नव्या वस्तूची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. अशा उंदरांना उत्तेजक औषधाची गोडीही लवकर लागते का, हे मला पाहायचं होतं. विषय मी भावाकडे पाहून निवडला, असं पुढे काही नातेवाईक म्हणाले. तसं नव्हतं. विषय आमच्या सरांनी सुचवला होता आणि तेव्हा भाऊ चांगला धडधाकट होता, हार्वेस्टर घेऊन तेलंगणात धान कापत फिरत होता.

आम्ही साकोली तालुक्यातल्या एकोडीचे. बाबा कालव्यावर चौकीदार होते. पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी नोकरीभर एकाच शिस्तीत केलं. घरची थोडी बांधी, म्हणजे धानाचं शेत होतं, ते माय बघायची. आम्ही दोघंच भावंडं. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

तो चालायला लागला तसा मायच्या हाती राहिला नाही. रोवणीच्या दिवसांत माय चिखलात वाकून रोपं लावत असायची तेव्हा त्याला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या पळसाला जुन्या लुगड्यानं बांधून ठेवायची. गाठ कशी सुटते हे त्याला बोलता येण्याआधी समजलं. एकदा तो शेजारच्या गावच्या खताच्या बैलबंडीत सापडला. बंडीवाल्याच्या मागे आरामात बसून होता. रडत नव्हता, कुणाला शोधत नव्हता. बंडीवाला म्हणाला, "मी समजलो माह्याच घरचं लेकरू आहे. इतका निवांत बसून होता."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. एका मंडईत मौत का कुआँ आला होता. लाकडी फळ्यांच्या खोल विहिरीत मोटारसायकल गरगर फिरवतात, तो खेळ. आम्ही सगळे वरच्या कठड्याला धरून बघत होतो. भाऊ कधी खाली गेला कुणालाच समजलं नाही. समजलं तेव्हा तो त्या फिरवणाऱ्या माणसाच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर बसला होता आणि गाडी भिंतीवर चढली होती. मायनं डोळे मिटून घेतले. खेळ संपल्यावर तिनं त्याला सगळ्यांसमोर मारलं आणि मग स्वतःच खाली बसून रडली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून समजावत होता, "माय, तेथून सगळ्यायचे तोंड गोल दिसते. तुहं बी दिसलं."

मी अगदी उलट. नवीन रस्त्यानं शाळेत जायचं म्हटलं तरी मी मायचा पदर धरायचे. बारावीनंतर नागपूरला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि जायच्या दिवशी साकोलीच्या स्टँडवर मी बॅग खाली ठेवून सांगितलं की मी जात नाही. बाबा घरी जायची गाडी कुठे लागते ते बघू लागले. त्यांना बहुतेक बरंच वाटलं असावं. भावानं बॅग उचलली आणि सरळ गाडीत नेऊन ठेवली.

"भेव कायचं वाटते तुले?" तो म्हणाला. "नाही जमलं तं वापस ये. पण पाह्यलंच नाही तं समजन कसं?"

मग तोही गाडीत चढला. नागपूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आला, वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडलं आणि त्याच दिवशी परत फिरला. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल तो बोलत होता. मी त्या प्रवासात खिडकीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहत होते. आज जे काही माझं शिक्षण झालं ते त्याच्या त्या एका दिवसामुळे.

तो स्वतः मात्र कशातच टिकला नाही. आयटीआयला गेला, सोडलं. मोबाइलच्या टॉवरवर चढण्याचं काम केलं. बोअरच्या गाडीवर गेला. शेवटी धान कापायला आलेल्या एका हार्वेस्टरच्या टोळीबरोबर मदतनीस म्हणून निघाला आणि दोन हंगामांत मशीन चालवायला शिकला. हे काम त्याला मानवलं. एका गावचं धान संपलं की दुसरं गाव, एक राज्य संपलं की दुसरं. जिथे जाई तिथून मला फोन करायचा. "बाई, इथलं पाणी खारं लागते." "बाई, इथले लोक वांग्यात चिंच टाकतेत." मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. तो ते इतक्या पटकन म्हणायचा की फोनवर सुरुवातीचा अर्धा शब्द कधीच ऐकू यायचा नाही.

हंगामात मशीन थांबत नाही. पाऊस येण्याआधी सगळ्यांनाच धान घरात हवं असतं. झोप उडवायला टोळीतली माणसं गोळ्या घेत. हे त्यानं माझ्यापासून लपवून ठेवलं नाही, उलट कौतुकानं सांगितलं.

"सगळेच घेतेत. पण बाकीच्यायले नुसती झोप येत नाही. मले तं बाई, डोक्यात लाइट लागल्यावानी वाटते. सगळं साफ दिसते."

मी म्हटलं, "बंद कर ते. आजच बंद कर."

"हो ना. हंगाम झाला की बंद."

त्या सुमारास आमच्याकडे पहिले उंदीर आले होते. पांढरे, लाल डोळ्यांचे, भुसा घातलेल्या पिंजऱ्यांत ठेवलेले. कामाची सुरुवात साधी होती. एक मोठी चौकोनी उघडी पेटी. उंदराला तिच्या मधोमध सोडायचं आणि तो काय करतो ते बघायचं. बहुतेक उंदीर भिंतीशी जातात, कोपरा धरतात, नाक हलवत बसतात. काही मात्र टेकतच नाहीत. मधल्या मोकळ्या जागेतून धावतात, मागच्या पायांवर उभे राहतात, पेटीच्या काठाकडे मान करतात. आत एखादी नवी वस्तू ठेवली, एखादं झाकण किंवा लाकडी ठोकळा, तर इतर उंदीर अंतर राखून फिरतात. हे थेट जाऊन तिच्यावर पाय ठेवतात.

पुढचा भाग औषधाचा. शेजारी शेजारी दोन खोल्यांची पेटी असते. एका खोलीच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, दुसरीच्या साध्या. जमीनही वेगवेगळी. उंदराला उत्तेजक औषधाची सुई द्यायची आणि एका खोलीत ठेवायचं. दुसऱ्या वेळी नुसतं मिठाचं पाणी टोचायचं आणि दुसऱ्या खोलीत ठेवायचं. असं काही दिवस केल्यावर मधलं दार उघडायचं. औषध दिलेलं नसतं, काहीच दिलेलं नसतं. उंदीर कुठल्या खोलीत जाऊन बसतो, एवढंच बघायचं.

औषध सगळ्यांना वजनाप्रमाणे सारखंच दिलं होतं. दार उघडल्यावर काही उंदीर इकडेतिकडे फिरले आणि मध्येच कुठेतरी बसले. पण पहिल्या पेटीत जे टेकत नव्हते, त्यातले बरेचसे सरळ त्या औषधाच्या खोलीत गेले आणि रिकाम्या जमिनीवर नाक टेकवून हुंगत राहिले. तिथे काही नव्हतं. ते तरीही हुंगत राहिले. त्या दुपारी पहिल्यांदा मला भावाचं बोलणं आठवलं. बाकीच्यांना नुसती झोप येत नाही, मला लाइट लागल्यासारखं वाटतं.

मी प्रयोगशाळेच्या बाहेर जाऊन त्याला फोन लावला. लागला नाही.

तोवर तो हार्वेस्टर सोडून नागपूरला आला होता आणि गोळ्यांवरून पावडरीवर गेला होता. त्या पावडरीला लोक एमडी म्हणतात, तीही उत्तेजकच. हे आम्हाला नंतर समजलं. गावात आला तेव्हा मायनं त्याला फाटकातून ओळखलं नाही. गाल आत गेले होते, जबडा सारखा चावत होता आणि बोलणं एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत होतं. मग एक-दोन दिवसांनी तो पडून राहिला तो उठेचना. डोळे उघडे, पण कशातच नजर नाही. ज्याला खिडकीतलं प्रत्येक झाड दाखवायचं असायचं तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला ते त्याच्या बडबडीपेक्षा भयंकर वाटलं.

गावानं आपापली कारणं शोधली. संगत वाईट. मायनं लाड केले. बाबांनी मारलं नाही. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ बाबांना म्हणाले, "पोरगी एवढी शिकली, पोराकडे पाह्यलं नाही तुम्ही." बाबांनी मान खाली घातली आणि चपला घालून घरी आले. त्या दिवसानंतर ते विहारात सगळ्यांच्या मागे बसू लागले.

मी बाबांना उंदरांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, एकच औषध असतं, पण प्रत्येकाच्या मेंदूला ते सारखं लागत नाही. कुणाच्या संगतीचं, कुणाच्या लाडाचं हे सगळं नसतं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, ते उंदीर आहेत. त्यायच्या बापाले कोणी काही म्हणत नाही."

भावाला आम्ही व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तो स्वतःहून तयार झाला, हे मला सांगितलंच पाहिजे. बरेच दिवस राहिला, पथ्य पाळलं, तिथल्या लोकांशी नीट वागला. सुटला तेव्हा मी त्याला घ्यायला गेले होते. अंगावर थोडं मांस आलं होतं. भंडाऱ्यात माझ्याकडे एक मुक्काम केला आणि म्हणाला, "तुहे उंदीर दाखव."

सरांची परवानगी घेऊन मी त्याला नेलं. पांढरा कोट घालून तो मोठ्या पेटीशी उभा राहिला आणि मी एक उंदीर आत सोडला. तो उंदीर धावणाऱ्यांपैकी होता. भाऊ पेटीच्या काठावर वाकला. मग म्हणाला, "याले समजून नाही राहिलं का आपण पाहून राहिलो म्हणून?"

"समजत असेल. त्याला त्याचं काही वाटत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. दोन खोल्या, दार, हुंगणं. वाटलं होतं की ऐकून त्याला हलकं वाटेल, की दोष त्याचा एकट्याचा नाही. तो हसला नाही, चिडलाही नाही.

"म्हणजे असे धावणारे सगळेच तिकडे जातेत?"

"सगळे नाही. एक आहे. सगळ्यांत जास्त धावतो, पण दार उघडल्यावर औषधाच्या खोलीकडे बघतही नाही."

"काहून?"

"माहीत नाही."

त्यानं मला तो उंदीर दाखवायला लावला. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मंग मी हा आहो." आणि मग तो हसला, पूर्वीसारखा, खांदे हलवत. मीही हसले.

तो पावसाळा चांगला गेला. त्यानं साकोली रस्त्यावर एका माणसाच्या दुकानात डिझेल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायला सुरुवात केली. रोवणीला मायच्या बरोबर बांधीत उतरला. संध्याकाळी बाबांबरोबर कालव्याच्या काठाकाठानं फिरायला जायचा. आयुष्यभर बाबा एका जागी राहिले आणि हा कधीच राहिला नाही, म्हणून त्या दोघांना एकमेकांशी बोलणं कधी जमलं नव्हतं. आता जमायला लागलं होतं. माय फोनवर सांगायची, "दोघं बी बोलत बोलत जातेत. कायचं बोलतेत देव जाणे." आमच्या घरात देव नाही, पण बोलताना तिच्या तोंडात येतोच.

मला मात्र तो फोनवर एकदा म्हणाला, "बाई, सगळं ठीक आहे. फक्त सगळं पाह्यल्यावानी वाटते." मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "म्हणजे भाजी बी पाह्यलेली, रस्ता बी पाह्यलेला. काही नवीन नाही लागत." मी म्हटलं, हळूहळू लागेल. केंद्रातल्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं.

मग धान पिवळं झालं आणि हार्वेस्टर आले. नागपूरच्या रस्त्यानं एकामागे एक येतात, मोठमोठे, समोरचा भाग काढून मागे बांधलेला. दुकानासमोरूनच जातात. त्यातल्या एकावर जुन्या टोळीतला माणूस होता. एका चालकाला ताप आला होता, म्हणून त्यानं भावाला थोड्या दिवसांसाठी बोलावलं. मायनं नको म्हटलं.  भाऊ म्हणाला, "मशीन चालवाले चाललो. दुसरं काही नाही." मला वाटतं तो खरंच तेवढ्यासाठी गेला. त्याच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड होता, असं माय नंतर म्हणत असे, आणि त्या उजेडामुळेच तिच्यानं जास्त अडवलं गेलं नाही.

मी वर्गात होते तेव्हा फोन आला. करडी गावाच्या पुढे एका शेतात काम चालू होतं. भर दुपारी त्यानं मशीन थांबवली, खाली उतरला, पाणी मागितलं आणि धुऱ्यावर बसला. बसला तो आडवा झाला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. त्याच्या खिशात पावडरीची छोटी पुडी होती. इतक्या महिन्यांनी शरीराची सवय सुटलेली असते, जुनं प्रमाण झेपत नाही. हे डॉक्टरांना मला सांगावं लागलं नाही.

दवाखान्यातून मी त्या शेतावर गेले, तेव्हा त्याच्या चपला अजून मशीनच्या पायरीवर होत्या. हार्वेस्टरवर चढताना तो नेहमी चपला काढायचा, असं टोळीतला माणूस सांगत होता. तो माणूस रडत होता. मी चपला घेतल्या आणि गाडीत बसले.

अंत्यविधीला अख्खं गाव आलं. पांढरं कापड, मेणबत्त्या, फुलं. सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मी बाबांच्या शेजारी होते. चार शीलं त्यांनी स्पष्ट आवाजात म्हटली. पाचवं नशेपासून दूर राहण्याचं आहे. ते आलं आणि बाबांचा आवाज थांबला. सगळे म्हणत होते, ते नुसते ओठ मिटून समोर बघत होते. विहारात मागच्या रांगेत बसून त्यांनी ते इतक्या वेळा म्हटलं असेल, पण मुलासमोर त्यांच्यानं म्हटलं गेलं नाही.

थोड्या दिवसांनी मी कामावर गेले. प्रयोगाचा शेवटचा भाग उरला होता. उंदरांना औषध न देता रोज त्या दोन खोल्यांत सोडायचं, म्हणजे हळूहळू त्यांना त्या खोलीचा विसर पडतो. विसरले की एकदाच औषधाचा अगदी थोडा अंश द्यायचा आणि परत बघायचं. सर म्हणाले, हा भाग मी दुसऱ्या कुणाकडून करवून घेतो, तू घरी राहा. मी नको म्हटलं. घरी राहून मी काय करणार होते. मी स्वतः सुया दिल्या आणि स्वतः दार उघडलं. विसरलेले उंदीर परत त्या खोलीत गेले. सगळे नाही, पण गेले. मी घड्याळ लावून वेळ मोजला, लिहिला आणि पेटी पुसून पुढचा उंदीर आणायला गेले. मला वाटलं होतं की मी तिथे रडेन. हात नेहमीसारखेच चालले.

त्यानंतर माय डोळ्यांच्या तपासणीसाठी भंडाऱ्याला आली. बाबा आले नाहीत. दवाखान्यातून निघाल्यावर ती म्हणाली, "त्यानं पाह्यले होते ना तुहे उंदीर. मले बी दाखव."

मी टाळायचा प्रयत्न केला, पण ती ऐकेना. तिच्या हिरव्या लुगड्यावर पांढरा कोट चढवला. डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे तिला धूसर दिसत होतं. म्हणून ती पेटीवर अगदी वाकून उभी राहिली. मी उंदीर सोडला. तो मधोमध धावला, थांबला आणि त्यानं मागच्या पायांवर उभं राहून मायच्या तोंडाकडे मान वर केली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मला तिच्या तोंडावर हसू दिसलं.

"कसा हिंडून राहिला," ती म्हणाली. मग विचारलं, "हे चांगले होतात का? एकदा सवय लागल्यावर?"

"काही होतात."

"कोणते होतात?"

"ते अजून कोणालाच नीट समजलं नाही, माय. तेच पाहून राहिलो."

तिनं मान हलवली. उंदीर आता कडेनं फिरत होता.

"मंग शेवटी यायचं काय करता?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "काम संपलं की मारावं लागते. दुखत नाही त्यायले, तशी सोय असते."

 मला वाटलं ती काही म्हणेल, रागावेल. तिनं हात आत घातला. मी तिला अडवायला हवं होतं, उंदीर चावतात. तिनं दोन बोटं त्याच्या पाठीवर टेकवली आणि तो तिच्या हाताखाली क्षणभर स्थिर राहिला.

"किती गरम आहे," ती म्हणाली.

मी तिचे हात साबणानं धुऊन दिले आणि आम्ही स्टँडवर आलो. साकोलीची गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीची जागा धरून दिली, तर तिनं मला शेजारी ओढून बसवलं आणि गाडी निघेपर्यंत माझा हात सोडला नाही. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं, बरोबर काही सामान नव्हतं. मी तिच्याबरोबर एकोडीला गेले.